दुहेरी होडीची डोलकाठी: कशाची करावी, आणि क्रेनशिवाय उभी कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरच्या बाजूला घराच्या अंगणात तुम्ही मरीन प्लायवुडची २१ फुटी कॅटमरान बांधत आणली आहे. आराखडा तुमचाच, धाटणी ब्रिटिश होडी-आराखडाकार जेम्स व्हॅरम यांची: दोन अरुंद हल (होडीची पाण्यात बसणारी अंगं), दोरानं बांधलेल्या आडव्या तुळया आणि काठीभोवती बाहीसारखं चढणारं शीड. काठी ७ मीटरची हवी. समोर तीन पर्याय आहेत: गावातला सुरूचा सरळ वासा, मुंबईच्या बाजारातला अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, किंवा एका क्लबच्या मोडीत निघालेल्या होडीची तयार काठी. क्रेन नाही, हाताशी चार माणसं आहेत. ‘यातलं कुठलं घेऊ आणि उभी कशी करू?’ असं तुम्ही विचारलंय.

काठी कशाची, हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. ती किती दाब सोसणार, हा पहिला. त्याचं उत्तर शिडाच्या मापावरून येत नाही, होडीच्या रुंदीवरून आणि वजनावरून येतं. इथेच एकेरी होडीवरचा अनुभव कॅटमरानला लावताना लोकांची गल्लत होते.

एकेरी होडी जोराचा वारा आला की कलते. कलली की शिडातून वारा निसटतो आणि काठीवरचा भार आपोआप कमी होतो. कॅटमरान कलत नाही. तिचा एक हल पाण्यातून उचलला जाईपर्यंत ती ताठ उभी राहते आणि वाऱ्याचा सगळा जोर काठी, तिला बाजूंनी आणि पुढून धरणाऱ्या तारा आणि तुळया यांच्यावर साठत जातो. म्हणून काठीवर जास्तीत जास्त भार किती येईल हे ठरवायचं, तर वाऱ्याकडचा हल उचलला जाण्याच्या क्षणी काय होतं ते बघायचं.

तुमचे आकडे घेऊन करू. माणसं, पाणी, नांगर, सामान धरून होडीचं वजन ९०० किलो, दोन हलांच्या मध्यरेषांमधलं अंतर २.६ मीटर. त्याचं निम्मं १.३. म्हणजे होडीचा उलटण्याला होणारा विरोध ९०० गुणिले १.३, ११७० (किलो गुणिले मीटर). बाजूच्या तारा हलच्या बाहेरच्या अंगाला, काठीपासून १.५ मीटरवर बांधणार असाल, तर ११७० भागिले १.५, म्हणजे ७८० किलो ओढ वाऱ्याकडच्या एकट्या तारेवर येते. तार थोडी तिरकी असते, म्हणून ८०० धरा. तार जेवढी खाली ओढते तेवढी काठी खाली दाबली जाते. त्यात पुढच्या तारेची ओढ, शीड चढवायच्या दोराची ओढ आणि आधीच दिलेला ताण मिळवा. हा सगळा दाब सहज १५०० किलोच्या घरात जातो. लाटेवर होडी आपटते तेव्हाचा हिसका वेगळाच. म्हणून तुमच्या होडीला ३००० किलोच्या वर टिकणारी काठी मी सुचवेन.

आता ‘टिकणारी’ म्हणजे काय? लांब, सडपातळ काठी चिरडून मोडत नाही, ती मधोमध बाकते आणि मग मोडते. बाकण्याला विरोध करतो तो ताठपणा. तो पदार्थाच्या ताकदीपेक्षा व्यासावर आणि बिनआधाराच्या लांबीवर कितीतरी जास्त अवलंबून असतो. लांबी दुप्पट झाली की टिकाव एक चतुर्थांशावर येतो. भरीव काठीचा व्यास दुप्पट झाला तर टिकाव सोळापट होतो. म्हणून बाजूच्या तारा काठीला किती उंचीवर जोडता हे काठीच्या निवडीइतकंच महत्त्वाचं आहे. मी खालच्या सगळ्या हिशेबात ती उंची ६ मीटर धरली आहे.

आधी सुरू. वासा चांगला, सरळ आहे आणि गावात मिळतोय हे खरं. आपल्याकडच्या शिडाच्या होड्यांवर, उलांडीच्या (बाजूला तरंगता ओंडका जोडलेल्या) होड्यांवर सुरूची काठी पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, मग इथे का नको, असं तुम्हाला कुणी तांडेल नक्की विचारेल. तिथे काठी आखूड आणि जाड असते, आधाराला वाऱ्याकडे एकदोन दोर असतात आणि झोत आला की काठी लवते. लवणं हाच तिचा गुण आहे. तुमच्या होडीवर ती तीन तारांनी आवळलेली असणार, तिला लवायला जागाच नाही. तिथे लागतो तो हलका ताठपणा, आणि सुरू हलका नाही. एका घनमीटरला ८५० किलोच्या आसपास भरतो. ३४०० किलोचा टिकाव हवा तर भरीव वासा साधारण १२५ मिलिमीटर व्यासाचा लागेल आणि ७ मीटरचं वजन सत्तर किलोच्या घरात जाईल. एवढं वजन उंचावर असेल तर समोरच्या लाटेत होडी नाक खुपसत, डोलत चालते. शिवाय गोल वासा वाळताना उभा तडकतो आणि त्या चिरांत पावसाळाभर पाणी मुरतं. दिवसभर खाडीत फिरायची छोटी होडी असती तर मी हो म्हटलं असतं. तुमच्या होडीला नाही.

लाकूडच हवं असेल तर पोकळ काठी करा. मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते, कारण घरच्या घरी करता येते आणि हवा तो व्यास मिळतो. आठ लांब पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येकीच्या एका कडेला काटकोनी खाच पाडायची आणि एकीची साधी कड दुसरीच्या खाचेत बसवत गोल पुरा करायचा. भिंतीची जाडी व्यासाच्या एक पंचमांश ठेवली तर भरीव काठीच्या तुलनेत लाकूड ३६ टक्के कमी लागतं आणि ताठपणा मात्र फक्त १३ टक्के घटतो. कारण सोपं आहे: गाभ्यातलं लाकूड वजन देतं, बाक थोपवायला फारसं कामाला येत नाही. डग्लस फरची १३० मिलिमीटरची पोकळ काठी ३४०० किलोपर्यंत टिकेल आणि वजन ३० किलोच्या आसपास राहील. पट्ट्यांना गाठी नकोत, रेषा सरळ हव्यात. लांबीचे जोड तिरके, जाडीच्या बारापट लांब, आणि शेजारच्या पट्ट्यांचे जोड एकमेकांसमोर येऊ द्यायचे नाहीत. सागवान वापरणार असाल तर इपॉक्सी लावण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग अ‍ॅसिटोननं पुसा, सागाचं तेल चिकटू देत नाही. तारा जोडायच्या जागी, बुडाशी आणि टोकाशी आतून भरीव ठोकळे घाला.

कोकणात हे काम फेब्रुवारी ते मे यातच करा. पावसाळ्यात लाकूड ओलावा सोडत नाही आणि इपॉक्सीवर पांढरट तेलकट थर येतो. काठीला रंग मात्र पांढरा द्या. गडद वार्निश दिसतं सुंदर, पण मे महिन्याच्या उन्हात लाकूड इतकं तापतं की इपॉक्सीचे जोड मऊ पडू शकतात.

अ‍ॅल्युमिनियमचा पाइप हा सगळ्यात सरळ मार्ग. पण बाजारात ‘चार इंची पाइप द्या’ म्हणून चालणार नाही. १०० मिलिमीटर व्यास आणि ३ मिलिमीटर भिंत असेल तर टिकाव साधारण २००० किलो, म्हणजे तुम्हाला कमी. ११० व्यास आणि ४ भिंत घेतलीत तर ३६०० किलो, आणि वजन २५ किलो. व्यासात दहाच मिलिमीटरचा फरक आहे, तो डोळ्याला दुकानात दिसतसुद्धा नाही. कॅलिपर घेऊन जा आणि भिंत चारी बाजूंनी मोजा.

मिश्रधातू ६०६१-टी६ मागा (टी६ म्हणजे उष्णता देऊन कमावलेला). काही व्यापारी त्याला जुन्या भारतीय क्रमांकानं ६५०३२ म्हणतात. खिडक्यांच्या चौकटींचा पाइप असतो तो ६०६३, म्हणजे ६३४००. ताठपणा दोघांचाही सारखाच असतो, पण बोल्टांच्या भोकांशी आणि तारा जोडायच्या जागी ६०६१ जास्त सोसतो. ७ मीटरचा अखंड पाइप मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जोड द्यावा लागेल, आणि तो वेल्डिंगनं द्यायचा नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं टी६ची कमावलेली ताकद जोडाच्या आजूबाजूला निम्म्यावर येते. आत घट्ट बसणारी नळी घाला, जोडाच्या दोन्ही बाजूंना व्यासाच्या तिप्पट आत जाऊ द्या आणि रिव्हेट एका ओळीत न मारता फिरते मारा. जोड काठीच्या मधोमध येऊ देऊ नका, बुडाकडे सरकवा. स्टीलचा प्रत्येक बोल्ट आणि पट्टी अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकू न देता मध्ये नायलॉनची चकती किंवा सीलंटचा थर ठेवा. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

पाइपची दोन्ही टोकं हवाबंद करा आणि आत बंद पेशींच्या फोमचे तुकडे भरा, हेही आत्ताच करायचं काम आहे. कॅटमरान आडवी झाली आणि काठीत पाणी शिरलं तर ती पुरती पालथी होते, आणि पालथी कॅटमरान जितकी घट्ट बसते तितकी सुलटी बसत नाही. ११० मिलिमीटरचा ७ मीटरचा बंद पाइप ६५ लिटरहून जास्त पाणी बाजूला सारतो. बंद काठी म्हणजे टोकाला बांधलेला तरंगणारा पिंप. आडव्या होडीला सावरायला तो वेळ देतो.

तिसरा पर्याय, मोडीतली काठी. फुकट मिळत असली तरी दोन गोष्टी तपासल्याशिवाय आणू नका. एक, ती कुठल्या होडीची होती? समजा ती हॉबी १६ची आहे. ती होडी १४५ किलोची, २.४१ मीटर रुंद, वर दोन माणसं. तिचा उलटण्याला होणारा विरोध तुमच्या भरलेल्या होडीच्या निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे तिची काठी तुमच्या होडीवर दुप्पट दाबाखाली उभी राहील. दोन, तुमचं शीड बाहीचं आहे. बाही काठीवरून सरकायला काठी गुळगुळीत आणि गोल हवी. तारा जोडतात त्या जागेच्या खाली एकही कडी, पट्टी, खिट्टी किंवा बाजूला आलेली दांडी चालणार नाही. बहुतेक तयार काठ्यांना मागे शिडाची खाच आणि बाजूला दांड्या असतात. हेच पाइपालाही लागू: बाही शिवायला टाकण्याआधी काठीचा खरा व्यास शिवणाऱ्याला कळवा. ९० मिलिमीटरसाठी शिवलेली बाही ११०वर अडकून बसेल आणि अंगावर झोत आलेला असताना शीड खाली येणार नाही.

उंची वाढवायचा मोह झाला तरी आवरा. व्हॅरम यांनी १९५४ साली बांधलेल्या जेमतेम साडेतेवीस फुटी तांगारोआतून १९५५-५६मध्ये अटलांटिक ओलांडला, आणि पुढेही त्यांच्या होड्यांची शिडं बुटकी, रुंद आणि जोर खाली ठेवणारीच राहिली. काठी अर्ध्या मीटरनं वाढवली की टिकावही घटतो आणि होडीही लवकर उलटते.

काठीची निवड इथे संपत नाही. कॅटमरानची काठी तळावर उभी नसते, हवेत असलेल्या तुळईच्या मध्यावर उभी असते. काठीत दीड टन दाब असेल तर तो दीड टन त्या तुळईच्या मधोमध बसतो. तुळईचा आराखडा तुम्ही लिहिलेला नाही. तिच्याखालून एका हलपासून दुसऱ्या हलपर्यंत तार आणि मध्ये खाली झुकलेला टेकू द्यायला जागा असेल तर जरूर द्या. बाजूच्या तारा ५ मिलिमीटरच्या, एकोणीस जाड धाग्यांच्या एकाच पिळाच्या, ३१६ स्टीलच्या घ्या. ती तार १९०० किलोच्या आसपास तुटते, म्हणजे ८०० किलोच्या ओढीला दुपटीहून जास्त जागा राहते. त्याच जाडीची मऊ, खूप बारीक धाग्यांची तार स्वस्त आणि वाकायला सोपी असते, पण ती कप्पीवरून उचलण्यासाठी असते. ती ताणते आणि लवकर खाऱ्यानं सुटते.

म्हणजे माझी पसंती अशी: हाताला सुतारकाम असेल आणि उन्हाळा मोकळा असेल तर १३०ची पोकळ लाकडी काठी. याच हंगामात पाण्यात उतरायचं असेल तर ११० बाय ४चा पाइप.

आता उभी करणं. काठी ऐन उभी असताना तिला धरून ठेवणं सोपं असतं आणि आडवी असताना सुरक्षित असतं. धोका असतो तो मधल्या वाटेत, बाजूला कलंडण्याचा. चार माणसांना वर उचलण्याचीच काळजी असते, म्हणून सगळे काठीखाली जमतात. काठी बाजूला गेली तर तीच माणसं सापडतात.

बुडाशी बिजागरी करा: दोन जाड पट्ट्या आणि १६ मिलिमीटरची पिन. काठी मागच्या बाजूला झोपवा, पुढे नाही. तुमच्या बाजूच्या तारा काठीच्या थोड्या मागे बांधल्या जाणार असल्यानं मागे झोपवलेल्या काठीवर त्या सैल राहतात आणि काठी उभी झाली की ताणल्या जातात. पुढे झोपवली तर त्या आधीच अपुऱ्या पडतात आणि काठी मधेच अडकते. पण मागे झोपवताना तारा सैल असतात याचा अर्थ वाटेत त्या काठीला बाजूचा आधार देत नाहीत.

म्हणून दोन जादा दोर घ्या, काठीला तारा जोडतात त्याच उंचीवर बांधा आणि खाली डावीकडे-उजवीकडे नेमके बिजागरीच्या पिनेच्या रेषेत आणा. नेमके म्हणजे पुढे-मागे तर नाहीच, वर-खालीसुद्धा नाही. पिनेच्या भोकातून एक बारीक सुतळी ओवा आणि ती आडवी ताणून दोन्ही हलपर्यंत न्या. सुतळी हलवर जिथे पोहोचते, दोराची कडी तिथे. बहुधा ती जागा हलच्या डेकपेक्षा दहापंधरा सेंटिमीटर वर हवेत येते. तिथे तेवढ्या उंचीचा ठोकळा बोल्टनं बसवा आणि कडी त्याच्यावर घ्या. रेषा जमली की काठी झोपलेली असो की उभी, या दोरांची लांबी बदलत नाही. काठी शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत एकाच पातळीत फिरते. कॅटमरानच्या रुंदीचा इथे फायदा आहे. एकेरी होडीवर एवढा लांब आधार मिळत नाही.

पुढून ओढायला एक उभा खांब लागेल. २ मीटरचे दोन वासे वर एकत्र बांधून कैची करा, पाय दोन्ही बाजूंना पसरून तुळईवर पिनेच्या शक्य तितके जवळ टेकवा आणि घसरू नयेत म्हणून बांधा. काठीच्या वरच्या भागातून येणारी पुढची तार कैचीच्या टोकाला, आणि टोकापासून पुढच्या तुळईपर्यंत चार पदरी कप्पी. कैची नसेल तर काठी आडवी असताना पुढची तार काठीला जवळजवळ समांतर असते. कितीही ओढली तरी काठी उचलत नाही, फक्त बिजागरीवर ढकलते.

कप्पीवर जोर किती लागेल? पाइपची काठी आणि तारा मिळून ३५ किलो, मध्य ३.५ मीटरवर. २ मीटरची कैची आणि पंचेचाळीस अंशांची ओढ धरली तर सुरुवातीला ८५-९० किलो. चार पदरांत वाटले की हातात बावीसएक, घर्षण धरून तीस. एक माणूस आरामात ओढेल. सत्तर किलोचा सुरूचा वासा असता तर हाच आकडा दुपटीच्या वर गेला असता. टोक सुरुवातीला मागे घोडीवर चढवून ठेवलंत तर पहिला जोर आणखी कमी लागतो.

चार माणसांची वाटणी: एक कप्पीवर, तिच्या दोराचा एक वेढा कायम क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर). दोघं एकेका बाजूच्या दोराकडे, फक्त बघायला आणि सांगायला. चौथा मागे काठीच्या टोकाशी, तेही काठी डोक्याच्या वर जाईपर्यंतच, मग बाजूला. काठीच्या पडण्याच्या पट्ट्यात कुणीही नाही, कुत्रंसुद्धा नाही. आज्ञा एकाच माणसाची. मध्ये तार कशात अडकली तर थांबा, वेढा पक्का करा, मग सोडवा. उभी झाली की आधी पुढची तार पिनेनं पक्की करा, मग बाजूच्या. कैची आणि जादा दोर सगळ्यात शेवटी काढा.

पहिली उभारणी पाण्यात नको. किनाऱ्यावर सपाट, घट्ट वाळूवर, भांगाच्या दिवसांत (भरती कमी चढते तेव्हा), ओहोटी लागल्यावर करा, म्हणजे वेळ मिळतो. दोन्ही हल पाणपातळीच्या नळीनं सारख्या उंचीवर आणा आणि खाली पाचरी मारा. तुळयांचे दोर आधी नीट आवळून घ्या. सकाळी लवकर करा. दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाला की अर्धवट उभी काठी धरणं अवघड होतं.

आणि सगळ्याच्या आधी वर बघा. महावितरणच्या विजेच्या तारा. अंगणात उभी करून बघू, मग किनाऱ्यावर नेऊ, असा विचार असेल तर सोडून द्या. अ‍ॅल्युमिनियमची काठी आणि स्टीलच्या तारा अकरा हजार व्होल्टच्या तारेच्या नुसत्या जवळ गेल्या तरी वीज उडी घेऊ शकते, आणि काठीला तेव्हा चार माणसांचे हात लागलेले असतात. लाकडी काठीलाही तारा स्टीलच्याच आहेत. काठी उभी ठेवून होडी ट्रॉलीवरून रस्त्यानं न्यायची नाही, शंभर मीटरसुद्धा नाही. खाडीवरून जाणाऱ्या तारा आणि पूल उधाणाच्या भरतीला पाण्यापासून किती उंच राहतात तेही आधी गावात विचारून ठेवा.

उभी झाल्यावर शीड चढवायच्या दोराचं टोक आधी एका बाजूच्या तारेच्या कडीपर्यंत न्या, खूण करा, मग दुसऱ्या बाजूला. खूण दोन्हीकडे सारखी पडली की काठी सरळ. ओळंबा लावू नका, होडी किंचित तिरकी असेल तर तो फसवतो. तारा सतारीसारख्या ताणायच्या नाहीत. दोरांनी बांधलेली होडी थोडी हलणारच, फाजील ताण दिलात तर तो दोन्ही हलांना आणि तुळईला विनाकारण वाकवतो. हलक्या वाऱ्यात एक फेरी मारा आणि वाऱ्याच्या आडोशाकडची तार बघा. थोडी सैल दिसली तर ठीक, लोंबायला लागली तर घट्ट करा. नवे दोर पहिल्या फेरीत बसतात, म्हणून परत आल्यावर तुळयांचे दोर आधी आवळा, तारांकडे मग वळा.

तुळईचं माप, लाकूड आणि तारांच्या कड्या काठीपासून नेमक्या किती अंतरावर आहेत ते कळवा. दीड मीटरऐवजी अंतर १.२ निघालं तर वरचा ७८०चा आकडा ९७५ होतो, आणि मग तारही ६ मिलिमीटरची घ्यावी लागेल.